पहिलं इंजिन बांधताना: शेवी ३५०चे पार्ट कसे निवडावेत

सगळ्यात आधी मी घेतला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा. ब्लॉक (इंजिनाचा ओतीव सांगाडा) अजून सापडायचा होता, मागच्या ॲक्सलचा रेशो काय हे ठाऊक नव्हतं, पण कॅमशाफ्ट मात्र गराजच्या फळीवर तेलकट कागदात गुंडाळून तयार. एका व्हिडिओत त्याचा आवाज ऐकला होता, सिग्नलला उभी असतानाही सगळी गाडी हलतेय असा, आणि रात्री दीड वाजता ऑर्डर टाकली. दोन वर्षांनी तो कॅम काढून दुसरा बसवला. नवे लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व उचलणारे तुकडे), गॅसकेटं, तेल, कूलंट आणि तीन वीकेंड वर गेले.

हा लेख त्या दीड वाजताच्या माणसासाठी आहे.

माझी गाडी १९७२ची शेव्हरोले नोव्हा. राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. मसल कार म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावं लागत नाही, पण आपल्या मंडळींसाठी दोन ओळी: १९६४ साली पॉन्टिॲकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ क्युबिक इंचाचं दांडगं इंजिन घालून जीटीओ विकायला काढली, आणि बेताच्या गाडीत मोठं व्ही-एट हा प्रकार फोफावला. पहिल्यांदाच इंजिन बांधणार असाल तर माझा सल्ला हट्टी आहे: शेवीचं, म्हणजे शेव्हरोलेचं, स्मॉल ब्लॉक ३५०: ३५० क्युबिक इंच, म्हणजे ५.७ लिटर. हे घराणं १९५५ साली २६५ क्युबिक इंचांनी सुरू झालं, ३५० आलं १९६७च्या कमारोमध्ये, आणि पुढे कितीतरी वर्षं गाड्यांत, पिकअपमध्ये, बोटींत तेच बसत राहिलं. पार्ट स्वस्त, माहितीला तोटा नाही, आणि एखादी चूक झाली तर दुसरा ब्लॉक मिळतो. पॉन्टिॲक, मोपार (क्रायस्लर), बिग ब्लॉक वगैरे दुसऱ्या खेपेला.

१. गाडी कशाला हवी ते आधी कागदावर लिहा

माझं उत्तर असं होतं: ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला न्यायची, एरवी रविवारी सकाळी चाळीसेक मैल फिरवायची, पंपावरचं ९३ ऑक्टेन भरायचं, आणि बायकोलाही चालवता आली पाहिजे. ड्रीम क्रूझ १९९५पासून भरते. तिथे गाड्या चालतात कमी, उभ्या राहतात जास्त. म्हणजे माझं इंजिन आयुष्यभर ७०० ते ३००० आरपीएममध्ये नांदणार. आणि मी घेतलेला कॅम ३०००च्या पुढे जागा होणारा!

त्याच कागदावर चार गोष्टी टिपा: मागचा रेशो, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक की हाताचा, पॉवर ब्रेक आहेत का, आणि कुठलं पेट्रोल मिळतं. रेशोसाठी कव्हर उघडायची गरज नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना अडसर लावा, मागचं एक चाक जमिनीवर आणि दुसरं स्टँडवर उचललेलं. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि ड्राइव्हशाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. माझा तीनपेक्षा जरासा जास्त फिरला, म्हणजे ३.०८. साध्या डिफरन्शियलला हे चालतं. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा मोजा.

हॉर्सपॉवरच्या जुन्या आकड्यांनी हुरळू नका. १९७१च्या कॉर्व्हेटच्या मूळ ३५०ला कागदोपत्री २७० हॉर्सपॉवर होते, १९७२ला २००. इंजिन जवळपास तेच, मोजायची रीत बदलली. आधी पंखा, सायलेन्सर, अल्टरनेटर काढून स्टँडवर मोजायचे, मग सगळं लावून मोजायला लागले.

कॅलिफोर्नियात असाल तर गाडीचं मॉडेल वर्ष १९७५ किंवा त्याआधीचं आहे ना, ते आधी बघा. तिथे स्मॉग चेकमधून, म्हणजे धुराच्या तपासणीतून, तेवढ्याच जुन्या पेट्रोल गाड्या सुटतात. मिशिगनमध्ये तशी तपासणीच नाही, त्यामुळे मी निवांत होतो.

२. ब्लॉक ओळखायला शिका

शेतावरच्या कोठारात, ताडपत्रीखाली, 'नुकतंच बांधलेलं ३५०' विकायला असतं. सोबत न्या: तारेचा ब्रश, उजेडाची बॅटरी, व्हर्निअर आणि फोनवर कास्टिंग नंबरांची यादी. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे बोल्ट होतो त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला हा नंबर ओतलेला असतो. पन्नास वर्षांचं तेल आणि माती घासून काढली की अक्षरं वर येतात. सत्तरच्या दशकातलं नेहमीचं कास्टिंग ३९७००१०. पण नुसत्या कास्टिंगवर विसंबू नका, १९६९ साली याच नंबरात ३२७ही निघालं. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोघांचा ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) मात्र ३.२५ आणि ३.४८. पुढे, पॅसेंजरच्या बाजूच्या हेडसमोर (हेड म्हणजे सिलिंडरवरचं, व्हॉल्व असलेलं झाकण) एक सपाट पट्टी असते, तिच्यावर ठोकलेली अक्षरंही टिपून घ्या.

ती पट्टी आणखी एका कारणाने महत्त्वाची. तिच्यावर तुमच्या गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे ओळख क्रमांकाशी, जुळणारा आकडा निघाला, तर ते इंजिन त्या गाडीबरोबरच जन्मलं आहे. डेक (हेड बसतं तो ब्लॉकचा सपाट माथा) घासला की ती अक्षरं पुसली जातात आणि गाडीची किंमत उतरते. असा ब्लॉक असेल तर गुंडाळून कोपऱ्यात ठेवा आणि दुसऱ्यावर हात साफ करा. माझ्या नोव्हाचं मूळ इंजिन कधीच गेलेलं होतं, तो प्रश्न मला आला नाही.

मला जो प्रश्न आला तो असा. पहिला ब्लॉक 'स्टँडर्ड बोअर' म्हणून घेतला. मशीन शॉपवाल्याने बोअर गेज घातला, माझ्याकडे बघितलं आणि गेज परत घातला. साठ थाऊ! थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे बोअर ४.०६० इंच, आधीच शेवटपर्यंत कापून झालेला. भिंती पातळ, पुढे कापायला जागा नाही. हेड उतरवलेलं असेल तर पिस्टनच्या डोक्यावर ०३० किंवा ०६० असं कोरलेलं दिसतं. मी बघितलंच नव्हतं. व्हर्निअर खिशात होता, तोही काढला नाही.

दोन घराणी लक्षात ठेवा. १९८५पर्यंत क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, १९८६पासून एकसंध. क्रँक, फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी दातेरी चकती), ऑइल पॅन हे सगळं त्यानुसार बदलतं, आणि एका घराण्याचं दुसऱ्यात सुखासुखी जात नाही. जुन्या ३५०चा बॅलन्स आतल्या आत पूर्ण होतो. एकसंध सीलच्या क्रँकला मागच्या फ्लेक्सप्लेटवर वजन लागतं, ते विसरलात तर गाडी गदगदत राहील. ऑइल मोजायची काडीही बघा: १९७९पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला, १९८०पासून पॅसेंजरच्या. पॅन चुकीच्या सालचा घेतला तर काडीला भोकच नाही.

चार बोल्टच्या मेन कॅपसाठी (क्रँक जागेवर धरतात त्या कॅप) जास्त पैसे मोजू नका. चारशे हॉर्सपॉवरच्या आतल्या रस्त्यावरच्या इंजिनाला दोन बोल्ट पुरतात. माझे दोनच आहेत.

३. पार्टच्या आधी मशीन शॉप

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामाची सगळी हयात लेथ आणि बोअरिंग मशीन यांच्यातच गेली. दुसरा ब्लॉक मिळाल्यावर त्याला मी मोठ्या अभिमानाने फोन केला, "मामा, पुढच्या आठवड्यात बोअर मारायला देतोय, तीस थाऊ."

"पिस्टन आणलास का?"

"नाही अजून. ऑर्डर करीन की."

"मग बोअर कशावर मारतोयस? बोअर पिस्टनला मारतात बाबा, पुस्तकाला न्हाई."

इथला मशिनिस्ट नेमकं तेच म्हणाला, फक्त इंग्रजीत. पिस्टन मोजून, त्या पिस्टनला हवा तेवढाच गॅप ठेवून होनिंग (सिलिंडरची शेवटची बारीक घासाई) होतं. म्हणून क्रम असा: ब्लॉक नुसता उघडा करून, गरम टाकीत धुवून, मॅग्नाफ्लक्सने चिरा तपासायला द्या. ब्लॉक कामाचा आहे आणि किती थाऊ कापावा लागेल, एवढं कळेपर्यंत एकही पार्ट घेऊ नका. तीस थाऊ म्हटलं की ४.०३० बोअर, ३५०चं ३५५ होतं. पुढची खरेदी त्या आकड्यावर.

शॉपला काम देताना लेखी यादी द्या: बोअर आणि होन (टॉर्क प्लेट लावून होन करतात का, विचारा), मेन बोअरचं अलाइनमेंट तपासणं, डेक सपाट करणं, नवी कॅम बेअरिंगं, नवे फ्रीझ प्लग, फिरणाऱ्या पार्टचं बॅलन्सिंग. कॅम बेअरिंगं स्वतः ठोकायला जाऊ नका. रांग मोठी असते, चांगल्या शॉपमध्ये महिनोन्‌महिने. तो वेळ हेडचा हिशेब करण्यात घालवा.

४. हेड आणि कॉम्प्रेशन: इथे घाई नको

पिस्टन कुठला, हे हेड ठरवतं. हेड न ठरवता पिस्टन घेणं म्हणजे वधू न बघता हळदीची तारीख काढणं.

कॉम्प्रेशन रेशो हा साधा भागाकार आहे: पिस्टन खाली असताना वर जेवढी जागा, भागिले पिस्टन वर असताना उरलेली जागा. माझाच हिशेब घ्या. बोअर ४.०३० आणि स्ट्रोक ३.४८, म्हणजे पिस्टन एका फेरीत ७२७ सीसी झाडतो. वर पोचल्यावर उरतं काय? हेडमधला चेंबर ६४ सीसी. सपाट पिस्टनवरच्या व्हॉल्वच्या खाचा ६ सीसी. पिस्टन डेकच्या २५ थाऊ खाली थांबतो, त्याचे ५ सीसी. ३९ थाऊ जाडीच्या गॅसकेटचे साडेआठ. एकूण साधारण ८४. आता ७२७ अधिक ८४, भागिले ८४: उत्तर ९.७. बाकी सगळं तेच ठेवून सत्तरच्या दशकातलं ७६ सीसीचं हेड लावलं तर ८.६. नुसत्या हेडने एका अंकाहून जास्त फरक.

९३ ऑक्टेनवर लोखंडी हेडला साडेनऊच्या आसपास थांबावं. ॲल्युमिनिअम उष्णता लवकर बाहेर टाकतं, त्याला थोडं जास्त झेपतं.

पण आकडा जमला म्हणजे काम झालं असं नाही. पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट चाळीस थाऊच्या आसपास असावी. मग तिथलं मिश्रण दाबून चेंबरमध्ये ढकललं जातं, ढवळलं जातं, नीट जळतं, आणि इंजिन नॉक करायला (मिश्रण अवेळी पेटून ठोके द्यायला) लवकर धजत नाही. माझ्या पहिल्या हिशेबात २५ अधिक ३९, म्हणजे ६४ थाऊ. फार. नवखे लोक इथे उलटं करतात: कॉम्प्रेशन जास्त वाटलं की जाड गॅसकेट घालतात, आकडा उतरतो, फट वाढते आणि नॉकिंग तसंच राहतं.

मी काय केलं? डेक वीस थाऊ घासायला सांगितला, पिस्टन आता पाच थाऊच खाली. फट ४४. पण जागा कमी झाल्याने रेशो १०.१वर गेला, लोखंडी हेडला जास्त. म्हणून सपाट पिस्टन सोडून १२ सीसीचा खोलगट घेतला, इंग्रजी डीच्या आकाराचा: खोलगट भाग चेंबरच्या बरोबर खाली, दुसरा भाग सपाटच, फट आहे तशी राहते. पुन्हा भागाकार: साडेनऊ. हे सगळं वहीत पेन्सिलीने, एक डॉलर खर्च न करता. कॅमच्या वेळी ही अक्कल नव्हती.

हेड कुठलं घ्यावं? तीन वाटा आहेत.

साठच्या दशकातली 'डबल हंप' हेडं दिसायला मानाची, पण दोन खोड्या. बहुतेकांच्या टोकांना अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगच्या ब्रॅकेटची भोकंच नसतात, ती १९६९पासून आली. आणि व्हॉल्वच्या सीट शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या; आजच्या पेट्रोलवर रोज चालवायची तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या.

दुसरी वाट व्होर्टेक, मी घेतली ती. १९९६पासूनच्या पिकअपवरची लोखंडी हेडं, कास्टिंगचे शेवटचे आकडे ९०६ किंवा ०६२, चेंबर ६४ सीसी, हवा उत्तम ओढतात. अटी मात्र भरपूर. इनटेक मॅनिफोल्ड व्होर्टेकचाच लागतो, त्याचे बोल्ट वेगळे आहेत. एक्झॉस्टची ऊब इनटेकला देणारी वाट त्यांत नाही, त्यामुळे कार्बोरेटरला इलेक्ट्रिक चोक घ्या. मूळ स्प्रिंगा आणि रिटेनर साधारण ०.४६० इंचापलीकडे लिफ्ट (व्हॉल्व जेवढा उचलला जातो ते माप) सहन करत नाहीत. रॉकर (व्हॉल्व दाबणारे आडवे तुकडे) स्वतःच व्हॉल्ववर बसणारे असतात, त्यांच्याबरोबर गाइड प्लेट लावायची नाही. आणि चिरा! व्हॉल्वच्या दोन सीटच्या मध्ये चीर ही या हेडांची ठरलेली खोड. मी तीन हेडं तपासायला दिली, एक बाद झालं.

तिसरी वाट नवी ॲल्युमिनिअम हेडं. महाग वाटतात. पण जुन्या हेडांना व्हॉल्व, गाइड, सीट, स्प्रिंगा आणि मशीनिंग लावून शेवटचं बिल शेजारी ठेवा. पुन्हा बांधलं तर मी नवीच घेईन.

५. खालचं इंजिन

इथे फार खल नको. ओतीव क्रँक रस्त्यावरच्या इंजिनाला चालतो, फोर्ज्डची (घडीव) चैन नको. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) घासले असतील तर बेअरिंग त्याच मापाचं. जुने ५.७ इंचाचे रॉड नव्या बोल्टांनी वापरायचे तर बोल्ट बदलल्यावर रॉडचं मोठं भोक पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. तो खर्च धरला तर नवे रॉड जवळपास त्याच भावात येतात. पिस्टन हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ओतीव ॲल्युमिनिअमचे) पुरे. एक सावधगिरी: काही हायपरयुटेक्टिक पिस्टनांना वरच्या रिंगचा गॅप नेहमीपेक्षा मोठा लागतो. नेहमीचा नियम बोअरच्या दर इंचाला चार थाऊ, म्हणजे आपल्याकडे सोळा. पिस्टनच्या खोक्यातला कागद वीस म्हणत असेल तर वीसच. गॅप कमी पडला तर तापल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि पिस्टनचं डोकं तुटून येतं.

कुणीतरी मित्र तुम्हाला ३८३ बांधायला सांगेल: ४००च्या स्ट्रोकचा क्रँक ३५०च्या ब्लॉकमध्ये. सुंदर इंजिन आहे. पण ब्लॉक आतून घासावा लागतो, रॉड कॅमला घासत नाही ना ते बघावं लागतं. मित्राला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ऑइल पंप साधा स्टँडर्ड व्हॉल्यूमचा. मोठा पंप घेतला की इंजिन जास्त टिकतं हा गैरसमज आहे. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर उगाच भार येतो.

६. आता कॅम

आता रेशो माहीत आहे, कॉम्प्रेशन माहीत आहे, ब्रेक माहीत आहेत. आता कॅटलॉग उघडा.

बघायचा आकडा म्हणजे ०.०५० इंच लिफ्टवरची ड्यूरेशन: क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व उघडा राहतो. जाहिरातीतली मोठी ड्यूरेशन प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते. माझा पहिला कॅम २३६ अंशांचा होता. एवढा मोठा कॅम इनटेक व्हॉल्व उशिरा बंद करतो. पिस्टन वर चढायला लागला तरी व्हॉल्व उघडाच, म्हणून कमी आरपीएमला आलेलं मिश्रण परत ढकललं जातं. साडेनऊचं कॉम्प्रेशन कागदावर, प्रत्यक्षात खाली जीवच नाही. आणि आयडलला व्हॅक्युम (इनटेकमधली हवेची ओढ) ९ इंच. पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्युमवर चालतात.

ते मला घराजवळच्या उतारावर कळलं. खाली स्टॉपची पाटी, पेडल दाबलं तर लाकडावर पाय दिल्यासारखं. दोन्ही पाय पेडलवर, पाठ सीटला रेटलेली, गाडी पाटीच्या अर्धी गाडी पुढे जाऊन थांबली. समोरून कुणी आलं नाही म्हणून हे लिहितोय. आवाज मात्र सुरेख येत होता.

आता २१८ अंश इनटेकला, २२४ एक्झॉस्टला, लोब सेपरेशन (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधला कोन) ११२. व्हॅक्युम सोळाच्या वर. ३.०८ आणि ऑटोमॅटिक असेल तर मी यापुढे जाणार नाही. जायचंच असेल तर रेशो ३.४२ किंवा ३.७३ आणि जास्त स्टॉलचा (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर यांचा खर्च कॅमच्या किमतीत धरा.

१९८७च्या आधीच्या ब्लॉकमध्ये कंपनीच्या रोलर लिफ्टरची (तळाला चाक असलेल्या) सोय नाही. वेगळे रोलर लिफ्टर मिळतात, महाग. साधा फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरचा) कॅम घेतलात तर तीन नियम मोडू नका: लिफ्टर नवेच, शक्यतो कॅमवाल्याच कंपनीचे, तेल जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं, कारण आजच्या गाड्यांच्या तेलातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी ते कमी केलंय, आणि पहिल्या स्टार्टची शिस्त, ती शेवटी सांगतो. कॅमबरोबर आलेलं कार्ड वहीत चिकटवा. कॅमला ज्या स्प्रिंगा सांगितल्या असतील त्याच हेडवर बसवा.

७. इनटेक, कार्बोरेटर, इग्निशन

कार्बोरेटरचं गणित: ३५५ गुणिले ५५०० आरपीएम, भागिले ३४५६, येतात ५६५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे क्युबिक फूट हवा. इंजिन पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरले तर ४८०. म्हणजे ६०० सीएफएम भरपूर. ७५०चा लावाल तर खाली गचके. ड्युअल प्लेन इनटेक घ्या, सिंगल प्लेन रेसवाल्यांसाठी. त्याची उंची आणि एअर क्लीनर धरून बॉनेट बसेल का, ते मातीचा गोळा ठेवून बघा.

डिस्ट्रिब्युटर एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा). हेडर्सच्या (एक्झॉस्टच्या) नळ्या १ पूर्णांक ५/८ इंची पुरतात. स्टिअरिंग बॉक्स आणि स्टार्टर यांच्याशी त्यांचं पटतं का हे नोव्हाच्या नावाने विचारूनच ऑर्डर करा.

८. छोटे पार्ट, मोठी अडवणूक

सगळं बसवून झालं, स्टार्टर लावला, आणि तो दातांपर्यंत पोचेचना. फ्लेक्सप्लेट दोन मापांच्या: १५३ दातांची आणि १६८ दातांची. त्यानुसार स्टार्टरच्या पुढच्या तोंडाचे बोल्ट सरळ रांगेत किंवा तिरपे. माझी प्लेट एका मापाची, स्टार्टर दुसऱ्या. दात मोजायला दोन मिनिटं लागतात.

वॉटर पंप १९६८पर्यंत आखूड, १९६९पासून लांब (कॉर्व्हेट सोडून). पंप एकाचा आणि पुली दुसऱ्याच्या घेतल्या तर पट्टा वाकडा. सर्पेंटाइन पट्ट्याच्या नव्या गाड्यांचा पंप उलटा फिरतो, तो भंगारातून उचलू नका. नव्या ब्लॉकवर मेकॅनिकल पेट्रोल पंपाची जागा कोरलेली आहे का, तेही बघा. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

९. हत्यारं आणि कागद

विकत घ्या: टॉर्क रेंच, फीलर गेज, प्लॅस्टिगेज, रिंग घासायची कानस, ४.०३०चा रिंग कॉम्प्रेसर, मॅग्नेटिक बेसवरचा डायल गेज, डिग्री व्हील, ऑइल पंप फिरवायचा दांडा. गोटीपाना सेट असेलच. इंजिन स्टँड जुना चालेल, चार चाकी घ्या, तीन चाकी उलटतो. उचलायची घोडी भाड्याने आणा. मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरायची सवय नसेल तर मापं मशिनिस्टकडून लिहून घ्या.

एका वहीत: कास्टिंग नंबर, शॉपची यादी आणि बिल, पिस्टन-रिंगेचे कागद, बेअरिंगच्या खोक्यांचे नंबर, कॅम कार्ड. प्रत्येक पार्टचा फोटो त्याच्या खोक्यासकट. हातात असलेल्या बजेटचे सुरुवातीलाच पाच भाग करा आणि एकाला हात लावू नका. तो बोल्ट, सील, ग्रीस, गॅसकेट आणि चुकीच्या स्टार्टरवर जातो.

१०. मोजा, बांधा, सुरू करा

मेन बेअरिंगवर प्लॅस्टिगेजचा हिरवा दोरा आडवा ठेवा, कॅप लावा, सत्तर फूट-पाउंडांना आवळा, आणि क्रँक अजिबात हलवू नका. कॅप काढल्यावर दोरा चपटा झालेला दिसेल. पाकिटावरच्या पट्टीशी त्याची रुंदी जुळवा: दोन ते अडीच थाऊ हवेत. मला एका कॅपवर दोऱ्याचं एक टोक रुंद, दुसरं अरुंद दिसलं. बेअरिंगच्या पाठीमागे एक केसाएवढा धातूचा कण अडकला होता. पुसला, पुन्हा मोजला, सरळ आला.

हेडचे सतरा-सतरा बोल्ट पाण्याच्या वाटेत उतरतात. आट्यांना सीलंट लावा, नाहीतर कूलंट बोल्टमधून वर झिरपेल. पासष्ट फूट-पाउंड, तीन टप्प्यांत, मधून बाहेर.

टायमिंग गिअरचे दोन ठिपके समोरासमोर आले की नंबर एकचा सिलिंडर पेटायला तयार आहे असं वाटतं. नाही. तेव्हा सहावा असतो. डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या दिशेने.

स्टार्टच्या आधी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, घड्याळाच्याच दिशेने, सोळाही रॉकरना तेल येईपर्यंत. मधून मधून क्रँक थोडा फिरवावा लागतो. रेडिएटर भरलेला, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल, टायमिंग अंदाजाने लावलेलं, अग्निशामक हाताशी. फ्लॅट टॅपेट असेल तर पेटताक्षणी २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत. आयडलवर सोडू नका. कॅमवर तेल क्रँकच्या फिरण्याने उडतं, मंद फिरला तर कोरडा राहतो. गळती दिसली किंवा तापमान चढलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा, उरलेली मिनिटं नंतर भरा.

मग गरम असतानाच तेल काढा, फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या उलगडून बॅटरीच्या उजेडात बघा. पहिल्या वेळी राखाडी पेस्ट आणि बारीक चमक दिसणारच. चुंबकाला चिकटणारे सुईएवढे तुकडे दिसले तर किल्ली खिशात ठेवा आणि व्हॉल्व कव्हर काढून कुठला लिफ्टर कमी उचलतोय ते मोजायला घ्या.